एवाल्ड पिओंटेकच्या माळ्यावरची तीन झाडं

आमच्या भाऊजींबद्दल, म्हणजे एवाल्ड पिओंटेकबद्दल, वसाहतीतली माणसं हल्ली म्हणतात, "म्हाताऱ्याची छाती फारच फुगलीय." फुगलीय हे खरं आहे. मी त्यांची मेव्हणी. आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत, तेव्हा त्यांची बाजू घ्यायची मला काही गरज नाही. उलट लग्नाच्या दिवसापासून त्यांची टिंगल करण्याचा हक्क माझ्याकडेच आहे, आणि तो मी मनापासून बजावला आहे. पण ही छाती कशी फुगली ते मी जवळून पाहिलंय. म्हणून सांगते, फुगू द्या.

भाऊजी खाणीत होते. इथे जर्मनीच्या कोळसापट्ट्यात, हेर्नेमध्ये, त्यांच्या वयाचा कोण नव्हता? पण ते कोळसा फोडणाऱ्यांतले नव्हेत. त्यांचं काम हवेचं. जमिनीच्या पोटात, बोगद्याबोगद्यांतून हवा नीट वाहते का, कुठे अडते, कुठे वायू साठतोय, कुणी गाढवाने कुठलं दार उघडं टाकलंय, हे बघत फिरायचं. मोजायची यंत्रं गळ्यात असायची, पण त्यांचा भरवसा स्वतःच्या गालावर जास्त. बोट जिभेवर फिरवायचं, गाल ओला करायचा, डोळे मिटून उभं राहायचं, आणि मग सांगायचं, "इथे हवा थकलीय." खाणीत तसंच म्हणतात, हवा थकली. थकलेल्या हवेत माणूस आधी आळसावतो, मग बसतो, मग उठत नाही. भाऊजींच्या भागात हवेने एकही माणूस गेला नाही. दर वाढदिवसाला, दुसऱ्या बिअरनंतर, ते हे सांगायचे आणि टेबलाभोवतीचे सगळे माना डोलवायचे. त्यात थापेबाजी नव्हती.

खाण बंद झाली तेव्हा त्यांनी रडारड केली नाही, कारण घराच्या माळ्यावर कबुतरं होती. शर्यतीची कबुतरं. उन्हाळ्यातल्या रविवारी दूरवरून सोडलेला थवा परत यायच्या सुमारास भाऊजी अंगणात मान वर करून उभे, आणि माझी ताई हेडविग, सगळ्यांची हेडी, स्वयंपाकघरातून ओरडतेय, "सूप गार झालं! कबुतराशीच लग्न करायचं होतंस!" असा तो संसार चालला होता.

मग खोकला सुरू झाला. आधी सगळ्यांना वाटलं, खाणीची धूळ. तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, धूळ आहेच, पण जास्त त्रास पिसांचा आहे. कबुतरांच्या पिसांनी आणि विष्ठेने फुप्फुसं आतून सुजतात. "पिओंटेकसाहेब, एक तर कबुतरं, नाही तर श्वास." भाऊजींनी कबुतरं मित्रांना वाटून टाकली. सगळ्यात चांगली करड्या रंगाची मादी लोथार ग्राब्स्कीला मिळाली, खाणीतला त्यांचा जुना सोबती. माळा आम्ही दोघी बहिणींनी तोंडाला फडकी बांधून घासून काढला. भाऊजी मात्र त्या दिवसापासून जिना चढले नाहीत. खिडकीपाशी खुर्ची, पुढ्यात कॉफी, आणि बाहेर बघणं. बघायला बाहेर काही नव्हतंच.

त्याच सुमारास हेडीला नागीण झाली. फोड गेले, पण आग राहिली. कमरेपासून बरगडीपर्यंत, जणू कुणी इस्त्री फिरवतंय. दिवस ती कसाबसा रेटायची, रात्री कूस बदलता येईना. गोळ्यांनी डोकं जड व्हायचं, आग तशीच. ती गायनमंडळात होती, ते सुटलं. केक करणं सुटलं. माझी हसरी बहीण हसताना बरगडी धरायला लागली.

गांजाचा कायदा बदलला आणि मोठ्या माणसाला स्वतःच्या घरात स्वतःसाठी तीन झाडं लावायची मोकळीक मिळाली, तेव्हा हेडीच्या डॉक्टरांनीच विषय काढला. म्हणाले, काही जणांना नसांच्या आगीवर थोडा उपयोग होतो, करून बघा, पण जपून, आणि मला सांगत राहा. हेडी घरी आली आणि जेवताना जाहीर केलं, "मी माळ्यावर गांजा लावणार आहे."

भाऊजींच्या हातातला बटाटा काट्यावरच राहिला. "माझ्या माळ्यावर?"

"तुझा माळा? तू वर्षभर वर पाऊल टाकलेलं नाहीस. आता माझा."

"आयुष्यभर आपण कायद्याने वागलो, हेडी."

"हो ना. आणि आता कायदा माझ्या बाजूचा आहे. लोणी दे इकडे."

तिने बिया मागवल्या, दिवा आणला, मोठ्या कुंड्या आणल्या, माळ्याच्या दाराला कुलूप लावलं. आता सांगते, माझ्या बहिणीने जन्मात एक तुळशीएवढं रोप जगवलेलं नाही. खिडकीतले जिरेनियमसुद्धा ती मारायची. झाडं आली ती दोरीसारखी लांबुळकी, दिव्याकडे मान ताणून उभी. प्रेमाने रोज पाणी घातलं, त्यामुळे पाय कायम चिखलात. शेवटी कळ्या आल्या त्या नावापुरत्या. सगळं वाळवून चहाच्या डब्यात भरलं तर डब्याचा तळसुद्धा झाकेना.

भाऊजींनी डब्यात डोकावून पाहिलं. "अजमोदा बरी आलीय."

"टोमणे मारू नकोस."

"नाही, खरंच. सूपवर भुरभुरायला पुरेल."

पण त्या चिमूटभरातून हेडीने लोणी कढवलं, त्याची लहानशी बिस्किटं केली, आणि संध्याकाळी अर्धं बिस्किट खाऊन झोपली तर सलग झोप लागली. सकाळी ती माझ्याकडे आली, दारातच उभी राहिली आणि म्हणाली, "मार्लीस, मी स्वप्न पाहिलं. स्वप्न पडण्याइतकी झोपले मी." मी तिला आत ओढलं आणि आम्ही दोघी मूर्खासारख्या रडलो. आठवडाभरात डबा रिकामा झाला आणि ती पुन्हा छताकडे बघत पडू लागली.

डॉक्टरांकडून लिहून घेऊन औषधाच्या दुकानातून आणता येत होतं, पण हेडीचा हट्ट होता. "मला जमलं पाहिजे," म्हणायची. दुसऱ्या खेपेला ती सावध होती. पाणी बेताचं, दिवा खाली. झाडं ठेंगणी, भरदार झाली. कळ्या अंगठ्याएवढ्या, दाट, चिकट. आम्ही दोघी रोज वर जाऊन त्यांच्याकडे नव्या बाळाकडे बघतात तसं बघत बसायचो. आणि तोडणीच्या तोंडावर एक दिवस हेडीने सगळ्यात मोठी कळी हातात धरली तर ती आतून राखाडी निघाली. बुरशी. दुसरी उघडली, तीही तशीच. ती तिथेच कुंड्यांच्या मध्ये जमिनीवर बसली आणि हुंदके देऊन रडायला लागली. आग होत होती तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

खालून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग जिन्यावर पावलं. दोन पायऱ्या, थांबणं, धाप, पुन्हा दोन पायऱ्या. भाऊजी दारात आले. तोंडावर डॉक्टरीणबाईंनी दिलेला मास्क. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, झाडांकडेही नाही. मास्क थोडा बाजूला केला, बोट जिभेवर फिरवलं, गालाला लावलं आणि डोळे मिटले. किती तरी दिवसांनी मी तो चेहरा पाहत होते.

"हवा थकलीय," ते म्हणाले. "हेडी, तू झाडं लावलीस, पण त्यांना श्वास कुठाय? इथली हवा कोपऱ्यात बसून राहिलीय. मी इथे माणसं उतरवली नसती."

हेडीने नाक पुसलं. "मग आधी का नाही बोललास?"

"तू विचारलं नाहीस."

"मी का विचारू? तू अजमोदा म्हणालास!"

"बरं, चुकलं. आता सरक."

बुरशी लागलेलं सगळं आम्ही टाकून दिलं. ज्यात शंका होती तेही. भाऊजींनी एक पानही ठेवू दिलं नाही. "बुरशीवाली बिस्किटं खाऊन तुझी फुप्फुसं माझ्यासारखी व्हायला नकोत." आणि मग माळ्यावर खाण उभी राहिली, असं मी म्हणते. खालून ताजी हवा यायला वाट, वरून जुनी जायला वाट, मध्ये एक लहान पंखा. तो झाडांवर सरळ मारायचा नाही, भिंतीवर मारायचा, म्हणजे हवा वळसा घेऊन पानांतून फिरते. बाहेर जाणारी हवा कोळशाच्या गाळणीतून जायची, शेजाऱ्यांना वास नको म्हणून. "शेवटी कोळसाच उपयोगी पडला," हे ते प्रत्येकाला ऐकवायचे. कबुतरांची छपरातली झडप त्यांनी बुजवली नाही, फक्त बंद केली.

झाडांवरही हात चालायला लागला. खालची सावलीतली पानं काढायची, त्यांनी नुसती दमट हवा अडते. मधला शेंडा ताठ वर पळतो, त्याला हळूच वाकवून मऊ दोरीने बांधायचं, म्हणजे बाजूच्या फांद्याही दिव्यापर्यंत पोचतात. पाणी कुंडी उचलून बघून घालायचं, हलकी लागली तरच. हे सगळं त्यांना कुठून कळलं? थोडं वाचलं, थोडं शहरातल्या दुकानदाराला भंडावून सोडून विचारलं, आणि पुष्कळसं चुकून शिकले. एक फांदी वाकवताना काडकन मोडली तेव्हा हेडी ओरडली, "कसाई!" त्यांनी ती कापडाची पट्टी बांधून जोडली, आणि ती जगली. पाहुणा आला की त्याला आधी ती गाठ दाखवायचे.

झाडं कुणाची यावरून मात्र रोज भांडण. "माझी झाडं," हेडी म्हणायची. "झाडं तुझी, हवा माझी," हे म्हणायचे. मी म्हणायचे, "भाऊजी, हवेचं भाडं लावा." खुर्ची खिडकीपासून हलली होती. जिना ते अजूनही थांबत थांबत चढत, पण दिवसातून दोनदा चढत.

तिसरं पीक फुलावर असताना मोठा उष्मा आला. कौलं तापून माळा भट्टी झाला. आणि नेमके भाऊजी फुप्फुसांच्या तपासण्यांसाठी इस्पितळात. दुपारी हेडी मला हाक मारत आली. पंखा जळला होता. वर गेलो तर तोंडावर गरम ओला टॉवेल टाकल्यासारखं वाटलं. पानं लटकलेली. हेडीने इस्पितळात फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"एवाल्ड, पंखा गेला. नवा उद्याशिवाय मिळत नाही. सगळं जाणार."

पलीकडून भाऊजी बोलले, आणि हा खाणीतला आवाज होता. "दिवा बंद कर. तळघराचं दार सताड उघड. जिन्यातली बाकीची सगळी दारं बंद, स्वयंपाकघर, झोपायची खोली, सगळी. मग वरची कबुतरांची झडप उघड."

"आणि पंखा?"

"पंखा नव्हता तेव्हा खाणी नव्हत्या का? वर गरम आहे, खाली गार आहे. गरम हवा बाहेर पडेल आणि गार हवा आपोआप वर ओढली जाईल. पण तिला एकच वाट दे. दोन वाटा दिल्यास तर ती कुठेच जायची नाही."

फोन घेऊन मी खाली पळाले, हेडी वर. दारं बंद करताना माझी धांदल उडाली, न्हाणीघराचं राहून गेलं. वरून हेडीचा आवाज, "काही होत नाहीये!" फोनमधून भाऊजींचा आवाज, "मार्लीस, एक दार उघडं आहे!" दोन गल्ल्यांपलीकडच्या इस्पितळातल्या खाटेवरून त्या माणसाने ते ओळखलं. मी न्हाणीघराचं दार ओढलं. हेडीने गाल ओला केला असणार, कारण पुढच्याच क्षणी ती किंचाळली, "येतंय! एवाल्ड, गार येतंय! तळघरातल्या बटाट्यांचा वास येतोय!"

नंतर नर्सने सांगितलं, म्हातारा खाटेवर उभा राहून दोन्ही हात वर करून ओरडला होता, आणि खोलीतल्या बाकीच्यांना वाटलं, फुटबॉलचा गोल झाला.

झाडं वाचली. पण झडप उघडी, गाळणी बाजूला, त्यामुळे वास गल्लीभर पसरला. भाऊजी घरी आले त्याच आठवड्यात दारावर पोलीस. तरुण बाई होती, नाव यिल्डिझ. समोरच्या नव्या भाडेकरूने तक्रार केली होती. हेडी पांढरीफटक पडली. भाऊजींनी मात्र नवा शर्ट चढवला.

"या, या. वरच दाखवतो. सावकाश चढू, मला दम लागतो."

मी मागोमाग गेले. यिल्डिझबाईंनी कुलूप पाहिलं, झाडं मोजली, तीन. भाऊजींनी हवा कुठून येते, कुठून जाते, पंखा भिंतीवर का, शेंडे वाकवलेत का, सगळं सांगितलं, कुणी विचारलेलं नसताना. ती शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "झाडांबद्दल काही आक्षेप नाही. वास तेवढा बाहेर येता कामा नये."

"उष्म्यात आणीबाणी झाली होती. आता गाळणी बसवलीय. पुन्हा येणार नाही."

ती निघताना थबकली. वाकवलेल्या फांद्यांकडे, त्यांच्यावर ओळीने उभ्या भरगच्च कळ्यांकडे बघून म्हणाली, "खरं सांगू? कामात अशी बरीच झाडं बघावी लागतात. इतकी देखणी नाही पाहिली." मग जिन्यात म्हणाली, "माझे आजोबा पण खाणीत होते. कोळसा फोडणाऱ्यांत."

"कुठल्या?"

तिने नाव सांगितलं. भाऊजी म्हणाले, "तिथली हवा चांगली होती. तिथला हवेचा माणूस मी ओळखत होतो." आणि तिला खाणवाल्यांच्या पद्धतीने, वर सुखरूप या म्हणतात तशा शब्दांत, निरोप दिला. तिनेही त्याच शब्दांत दिला. दार बंद झाल्यावर भाऊजी आरशासमोर जाऊन उभे राहिले. "ऐकलंस हेडी? देखणी म्हणाली."

"झाडांना म्हणाली, तुला नाही."

समोरच्या भाडेकरूकडे ते स्वतः गेले, हेडीच्या हातचा मनुकांचा केक घेऊन. तो तरुण दारातच अडखळला. "केक... साधाच आहे ना?" भाऊजी हसून हसून खोकले. "साधाच. दुसरा तुला द्यायला मी काय खुळा आहे का? तो गुन्हा आहे."

तोडणी झाली. वाळवणं त्यांनी घाईने होऊ दिलं नाही, माळ्याच्या अंधाऱ्या बाजूला, हळू वाऱ्यात. आणि मग हेडीच्या केकच्या तराजूवर तोललं तेव्हा तिघांनीही काटा पुन्हा पुन्हा पाहिला. पहिल्या वर्षी डब्याचा तळ झाकला नव्हता. आता कायद्याने त्या दोघांना घरात ठेवता येतं तेवढ्या बरण्या भरल्या, आणि टेबलावर तितकाच ढीग उरला.

लोथार ग्राब्स्की तेव्हा नेमका कॉफीला आला होता. त्याने ढीग पाहिला, आणि त्याची कंबर लगेच दुखायला लागली. खरीच दुखायची म्हणा, खाणीतल्या जुन्या अपघातापासून.

"एवाल्ड, हे माझ्यासाठी बांधून दे लेका."

"नाही देता येत."

"विकत नाही मागत. मित्र म्हणून मागतोय."

"मित्र म्हणूनही नाही. स्वतः लावायचं, स्वतः वापरायचं. दुसऱ्याला द्यायचं नाही."

"मग हे काय करणार?"

"कुजवून टाकणार."

लोथार उभा राहिला. "तुझी करडी माझ्याकडे आहे. मी तिला पोटच्या पोरीसारखी सांभाळतो. आणि तू मला पाला देत नाहीस? पाला!"

"पाला नाही तो," भाऊजींचा आवाज चढला. "आणि पोलीस या घरात येऊन, सगळं मोजून, हात मिळवून गेलीय. तिने उद्या पुन्हा दार वाजवलं तर मला तसंच उघडता आलं पाहिजे. शर्ट घालून."

लोथार टोपी घेऊन गेला. हेडी म्हणाली, "एवाल्ड, थोडंसं..." आणि त्यांच्या तोंडाकडे बघून थांबली.

उरलेला ढीग त्यांनी स्वतः बागेत नेला, कुस्करून पाण्यात भिजवला आणि स्वयंपाकघरातल्या सालींबरोबर कुजायच्या ढिगात फावड्याने खालीवर केला. मी बाकावर बसून बघत होते. वाटलं, आता यांचं तोंड उतरणार. फावड्यावर टेकून ते दम खात उभे होते. मी विचारलं, "वाईट वाटतंय का भाऊजी?"

"वाटतंय ना. पण मार्लीस, उरलं म्हणून टाकतोय. उरलं! तुझ्या बहिणीला पुरून उरलं." आणि मग त्यांना हसू आलं, असं की थांबेना.

लोथार मात्र बोलेना. बेकरीच्या रांगेत दिसला की पाठ फिरवायचा. भाऊजींनी काही दिवस वाट पाहिली आणि एका सकाळी मास्क खिशात घालून सरळ त्याच्या घरी गेले. मी सोबत होते, रस्त्यात दम लागला तर म्हणून.

"तळघर दाखव," दारातच म्हणाले.

"कशाला?" लोथार म्हणाला.

"हवा बघायला. देता येत नाही, पण शिकवायला कुणी मनाई केलेली नाही. बिया तू मागव, कुंड्या तू आण, पाणी तू घाल. मी फक्त येऊन शिव्या देईन."

लोथारने टोपी डोक्यावरून काढली, पुन्हा घातली. आतून त्याची बायको ओरडली, "दाखव रे त्याला तळघर! इतके दिवस माझं डोकं खातोयस त्याच्या नावाने!"

लोथारच्या पहिल्याच पिकाने आमच्या हेडीच्या पहिल्या दोन्ही पिकांना लाजवलं. भाऊजींनी ती कळी हातात घेऊन उजेडात फिरवली आणि तिच्याबद्दल सबंध वसाहतीत इतकं बोलले की लोथारच वैतागला. "माझी कळी आहे, एवाल्ड." मग आणखी बोलावणी आली. संधिवाताची शिक्षिका, निवृत्त ट्रामचालक, अशी माणसं, घरातल्या कपाटात दिव्याखाली आपापली तीन झाडं लावून बसलेली. भाऊजी कपाटात डोकं घालायचे, गाल ओला करायचे आणि बोलायला लागायचे. पैसे घ्यायचे नाहीत, कॉफी घ्यायचे. स्वतः मात्र त्यांनी आजवर एक बिस्किट चाखलेलं नाही. "मला झोप येतेच," म्हणतात. "घोरतो ते ऐकू येत नाही का तुला?" मला येतं. भिंत पातळ आहे.

आणि हेडी. आग पूर्ण गेलेली नाही, जाणारही नाही म्हणतात डॉक्टर. पण ती झोपते. झोपते म्हणून सकाळी उठते, उठते म्हणून पीठ मळते, आणि गेल्या वसंतात ती पुन्हा गायनमंडळात उभी राहिली. मंडळाच्या बायका बसने उत्तर समुद्रावरच्या नॉर्डरनाय बेटाकडे निघाल्या तेव्हा तिने नाव दिलं. मी तिची बॅग भरली. भाऊजी बसपाशी उभे राहिले आणि सगळ्या बायकांना बजावत राहिले की खिडकीजवळची जागा तिलाच द्या.

ती गेल्यावर ते माझ्याकडे जेवायला यायचे, आणि दर जेवणाला मला फोनवरचे फोटो बघावे लागायचे. हेडी गुडघाभर पाण्यात, स्कर्ट हातात धरलेला. हेडी हसतेय, बरगडी न धरता. एके दिवशी मी खाटकाकडे सॉसेज घ्यायला गेले तर रांग दाराबाहेर आलेली, आणि पुढे काउंटरला टेकून भाऊजी.

"हा बघा, हा सकाळचा. हा दुपारचा. वारा किती आहे बघा, पण ती पडते का? नाही पडत."

खाटकीण सुरी हातात घेऊन उभी. "पिओंटेकसाहेब, तुम्हाला कीमा हवा होता ना? मागे लोक खोळंबलेत."

"देतो, जागा देतो," ते म्हणाले, आणि अंगठ्याने पुढचा फोटो सरकवला. "थांबा, अजून एक आहे. यात ती आईस्क्रीम खातेय."